पुढच्या जूनला किती पोरं परत आली ते विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एप्रिल लागला की सकाळी पेपर उघडताना आतून पत्रकं गळायला लागतात, उन्हाळी शिबिर, क्रिकेट, स्केटिंग, कराटे, फुटबॉल, कधीमधी आमचा खो-खो सुद्धा, 'तज्ज्ञ प्रशिक्षक', 'मर्यादित जागा', 'टी-शर्ट मोफत', आणि खाली ठळक अक्षरात अकॅडमीनं आजवर मिळवलेली पदकं. मी सांगलीकडचा, सकाळ-संध्याकाळ चौदाच्या आतल्या पोरापोरींना खो-खो शिकवतो, मधल्या वेळात पोटापाण्याचं काम, त्यामुळं ही पत्रकं मी लग्नपत्रिका वाचावी तशी तळापर्यंत वाचतो, कोण कोण आहे ते बघायला. पदकांचा आकडा सगळ्यांवर असतो. गेल्या वर्षी आलेल्या पोरांपैकी यंदा किती परत आली हा आकडा मात्र अजून एकाही पत्रकावर दिसला नाही. माझं सगळं पत्र ह्या एका आकड्यापायी आहे. बारक्या पोरांचा कोच चांगला का वाईट हे ह्याच्यावरून ठरवा, कप नंतर मोजा.

का ते सांगतो. खो-खो वरून सोपा दिसतो, पळायचं आणि शिवायचं, पण खो देताना हात आणि आवाज एकाच वेळी गेला पाहिजे, बसलेल्यानं खो मिळायच्या आधी उठायचं नाही, एकदा दिशा घेतली की मागं वळायचं नाही, मध्यपाटीवर, म्हणजे बसलेले ज्या पट्टीत बसतात तिच्यावर, पाय पडता कामा नये, आणि हे सगळं पळणाऱ्याकडं बघत बघत. दहा वर्षाच्या पोराच्या अंगात हे बसायला वर्षं जातात. ते पोर अकराव्या वर्षी वैतागून घरी बसलं तर त्याच्यात किती का गुण असेनात, काय उपयोग? आणि दुसरी गोष्ट, अकरा-बारा वर्षाच्या गटात जी पोरं भारी वाटतात त्यातली बरीच नुसती लवकर वाढलेली असतात, उंची आधी आली, पायात ताकद आधी आली. पंधराव्या-सोळाव्या वर्षी मागची पोरं त्यांना गाठतात. पण गाठायला ती मैदानात तरी असायला पाहिजेत ना, आपण तर त्यांना बाराव्या वर्षीच राखीव म्हणून कडेला बसवून बसवून घालवलेलं असतं.

हे नुसतं माझ्या मनाचं नाही. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमधले रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मोल हे दोन मानसशास्त्रज्ञ १९७० च्या दशकापासून बारक्या पोरांच्या बेसबॉल कोचेसवर काम करत होते. त्यांनी काही कोचेसना एका संध्याकाळचं, दोन-अडीच तासांचं ट्रेनिंग दिलं, त्यात काय तर पोरानं प्रयत्न केला की तो दिसला असं सांगायचं, चूक झाली की आधी धीर द्यायचा आणि मग नेमकं कसं करायचं ते दाखवायचं, चुकीसाठी शिक्षा नाही, टोमणे नाहीत. १९९२ साली त्यांचा आणि सहकाऱ्यांचा जो पेपर आला त्यात दुसऱ्या वर्षीचा हिशोब आहे. ट्रेनिंग न घेतलेल्या कोचेसची २६ टक्के पोरं पुढच्या सीझनला आलीच नाहीत, ट्रेनिंग घेतलेल्यांची फक्त ५ टक्के गळाली. आणि मॅचेस? दोन्हीकडच्या टीमच्या हारजितीत फरक नव्हता. म्हणजे ओरडणाऱ्या कोचच्या पदरात ओरडून जास्तीचे विजय पण पडले नाहीत, पोरं तेवढी गेली.

आता आपल्याकडं काय चालतं बघा. शिक्षा म्हणून फेऱ्या! उशिरा आला, मैदानाला पाच फेऱ्या. खो चुकला, तीन फेऱ्या. शेजारच्याशी बोलला, कान धरून फेऱ्या. अहो ज्या खेळाचं निम्मं अंग पळणं आहे त्या खेळात तुम्ही पळणं हीच शिक्षा करून ठेवली तर पोराच्या डोक्यात काय बसेल? सर खूश असले की बसायला मिळतं, सर चिडले की पळायला लागतं. मग तेच पोर मॅचमध्ये पाळी लांबली की दमून उभं राहतं आणि आपणच वर म्हणतो ह्याच्यात स्टॅमिना नाही. ही फेऱ्यांची सवय नक्की कुठून आली कोण जाणे, पण ग्राउंडाग्राउंडावर तीच आहे, आणि चांगले जाणते कोच पण विचार न करता देतात, तोंडात बसलंय. शाळेत मुलांना मारायला आणि मानसिक त्रास द्यायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी आहे, कलम १७, हे सगळ्या पीटीच्या सरांना माहीत आहे, तरी शाळेचं ग्राउंड म्हणजे शाळा नव्हे असं काहीतरी आपण मनाशी धरलेलं दिसतं.

माझ्याकडं फेऱ्या असतात पण शिक्षेला नाही. उशिरा आलेल्याला मी काहीच करत नाही, त्याचा फक्त पहिला खेळ हुकतो, आणि पहिला खेळ हा दिवसातला सगळ्यात भारी खेळ असतो, विषामृत नाहीतर साखळीची शिवाशिवी नाहीतर लंगडी, त्यामुळं पोरं घरून पळत येतात. लंगडीला हसू नका. एका पायावर तोल सांभाळत दुसऱ्याला शिवायचं म्हणजे खो-खोला लागतं ते सगळं त्यात आलं, घोट्याची ताकद, कंबरेतून वळणं, हात लांबवणं. विषामृतात शिवला की पुतळा व्हायचं आणि गड्यानं येऊन सोडवायचं, त्यात पोरं आपोआप आजूबाजूला बघायला शिकतात. वॉर्मअप म्हणून रांगेत उभं करून हातवारे करायला सांगितले तर निम्मी पोरं जांभया देतात.

रांग ही दुसरी गोष्ट. क्रिकेटच्या शिबिरात जाऊन बघा एकदा, चाळीस पोरं, दोन नेट, एका पोराला दीड तासात दहा-बारा बॉल खेळायला मिळतात आणि उरलेला वेळ हेल्मेट घालून उन्हात नंबर लावून उभं. आई-बापानं मोजले ते पैसे उभं राहायचे. खो-खोत पण एकच मैदान आखलं की तेच होतं. बारा जणांचा संघ, मैदानात नऊ, पळायला एका वेळी तीन जणांची तुकडी. पहिली तुकडी जरा चिवट निघाली की पाळी संपते, तिसऱ्या तुकडीतली पोरं पळायची राहतात, आणि कोच तर नेहमी चांगली पोरं पहिल्या तुकडीतच घालतो. मग जे पोर कच्चं आहे, ज्याला पळायची सगळ्यात जास्त गरज आहे, तेच कधी पळत नाही. म्हणून प्रॅक्टिसला मी चुन्यानं चार छोटी मैदानं मारतो, चार बसलेले, एक चेसर म्हणजे पाठलाग करणारा, दोन पळणारे, पोलच्या जागी बादली पालथी घातली तरी चालते, दोन मिनिटांची पाळी, शिट्टी झाली की अदलाबदल. अठ्ठावीस पोरं एकाच वेळी खेळात. गोंगाट एवढा होतो की शेजारच्या कॉलनीतून तक्रार येते, ती येऊ दे.

आणि वजीर! अल्टिमेट खो-खो लीग २०२२ ला सुरू झाली त्यात हा वजीर आला, म्हणजे आक्रमणातला असा खेळाडू ज्याला दिशेचं बंधन नाही, कुठंही वळू शकतो. पोरांना टीव्हीवर बघून त्याचं भयंकर वेड. शाळेच्या खो-खोत वजीर नसतो पण प्रॅक्टिसला कोण अडवतंय. मी वजीर कुणाला करतो तर जे सगळ्यात बुजरं आहे त्याला. दिशा चुकली म्हणून फाऊल होत नाही, त्यामुळं त्याला भीती नाही, आणि बाकीची पोरं त्याला 'वजीर इकडं, वजीर इकडं' म्हणून हाका मारायला लागतात. दिवसभर वर्गात ज्याचं नाव कुणी घेत नाही अशा पोराला तासभर सगळं ग्राउंड हाका मारतंय, ते पोर दुसऱ्या दिवशी कशाला दांडी मारेल?

चुकीचं काय करायचं हा खरा प्रश्न आहे. कौतुक करणं सोपं असतं, 'व्हेरी गुड व्हेरी गुड' करत टाळ्या वाजवल्या की झालं असं काही नवीन कोचेसना वाटतं, आणि तेही पोरांना बरोबर कळतं, फुकटचं आहे म्हणून. पोरं बावळट नसतात. सातवीतली एक मुलगी परवा पाळी सुरू होऊन पाच-दहा सेकंदांत आऊट झाली, पोलपाशी गेली, चेसरनं सूर मारला, घोट्याला हात लागला. बाहेर आली ती मान खाली घालून, आता सर बोलणार म्हणून. आमच्याकडं एक ठरलेलं आहे, आऊट झालं की पहिल्यांदा गुडघ्याची माती झटकायची, दोन्ही हातांनी, खडखडीत, मग बोलायचं. तिनं माती झटकली. मी विचारलं, पोलकडं जाताना चेसर कुठं होती? म्हणाली, माझ्या मागं, अगदी जवळ. मग? जरा विचार करून म्हणाली, पोलला जायलाच नको होतं, आतून कापायचं होतं, दोघींच्या मधून, तिला मध्यपाटी ओलांडता येत नाही ना. बरोबर. आणि अजून एक सांगितलं तिला, वळताना खाली वाकलीस ते मस्त होतं, तेवढंच सोडू नको. ह्याला वेळ किती लागला, अर्धं मिनिट. 'लक्ष कुठं असतं तुझं' असं मी ओरडलो असतो तरी तेवढाच वेळ लागला असता, पण आतून कापायचं हे तिचं तिला सुचलं नसतं.

पोलवरचा सूर शिकवताना तर हे फार जपावं लागतं. पोरांना हनुवटी फुटायची भीती असते आणि ती भीती बरोबर आहे, चुकीची नाही. काही कोच 'घाबरट' म्हणून चिडवून सूर मारायला लावतात, पोर मारतं पण डोळे मिटून मारतं आणि मग खरंच हनुवटी फुटते. आधी पाणी मारून माती भुसभुशीत करायची, मग गुडघ्यावर बसून पुढं झेपायचं, मग उकिडवं बसून, मग दोन पावलं घेऊन, पोल नंतर. कुणाला महिना लागेल, कुणाला सहा. ज्याला नको त्यानं त्या दिवशी शिट्टी घेऊन पंच व्हायचं.

आता ह्याच्यावर आपल्याकडं ठरलेलं उत्तर येतं, आचरेकर सर बघा, त्यांनी कधी कौतुक केलं का? खरंय. सचिननंच नोव्हेंबर २०१३ ला वानखेडेवरच्या शेवटच्या भाषणात सांगितलं की २९ वर्षांत सर मला कधी 'वेल प्लेड' म्हणाले नाहीत, मी हवेत जाईन म्हणून. हे वाक्य प्रत्येक कडक कोचच्या तोंडी असतं. पण त्याच भाषणात सचिननं त्याच्या आधी काय सांगितलं ते कुणी सांगत नाही, की सर मला स्कूटरवर मागं बसवून मुंबईभर फिरवायचे, एका ग्राउंडवरची मॅच झाली की दुसऱ्या ग्राउंडवर, मला खेळायला मिळावं म्हणून. आणि ते नाणं तर सगळ्यांना पाठ आहे, स्टंपवर एक रुपया ठेवायचा, जो बॉलर सचिनला आऊट करेल रुपया त्याचा, कुणालाच जमलं नाही तर सचिनचा, असली तेरा नाणी त्यानं जपून ठेवलीयत. अहो हा खेळच झाला की! दमलेल्या पोराला अजून अर्धा तास नेटमध्ये उभं करायचंय, तर 'उभा रहा नाहीतर फेऱ्या' असं न म्हणता सरांनी त्याची पैज करून टाकली. सरांकडून घ्यायचंच असेल तर स्कूटर घ्या, रुपया घ्या. आपण फक्त गप्प बसणं तेवढं घेतलं, कारण ते फुकट आहे.

दुसरा आक्षेप, मग काय जिंकायचंच नाही? सगळ्यांना लाडू वाटून घरी पाठवायचं? असं मी म्हणतच नाही. चार छोट्या मैदानांवर कोण किती आऊट केले हे माझ्या पोरांना माझ्यापेक्षा जास्त पक्कं ठाऊक असतं, मी विचारलं नाही तरी घरी जाईपर्यंत वाद चालू असतो. जिंकायची हौस पोरांना बाहेरून घालावी लागत नाही. पण मजा कशात येते म्हणून पोरांनाच विचारलं तर काय निघतं? अमेरिकेतच जॉर्ज वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीच्या अमांडा व्हिसेक आणि त्यांच्या टीमनं फुटबॉल खेळणाऱ्या पोरांना, त्यांच्या कोचेसना आणि आई-बापांना विचारून मजा कशाकशानं येते ह्याची ८१ कारणं काढली आणि पोरांकडून त्यांना महत्त्वाप्रमाणं लावून घेतलं, २०१५ ला ते छापून आलं. मन लावून खेळणं, गड्यांशी नीट वागणं, कोचनं बरं वागवणं ही वरती. जिंकणं ४८ वं. खेळ सोडायला लावणारी हार क्वचितच असते, हारल्यावर टेम्पोत बसून येताना जे ऐकायला लागतं त्यानं पोरं सोडतात.

आणि कप, कप करत बसलं की काय काय होतं तेही एकदा लिहायला पाहिजे. कबड्डीच्या किशोर-कुमार गटात वजनाची मर्यादा असते. वजनकाट्याच्या आदल्या दिवशी पोरांना जेवण बंद, पाणी बंद, उन्हात स्वेटर घालून पळवणं, हे मी एका स्पर्धेच्या ठिकाणी ह्या डोळ्यांनी पाहिलंय, ओठ सुकलेली पंधरा वर्षाची पोरं काट्यावर उभी राहतात आणि काटा झाला की दोन तासांत चढाईला. जन्मदाखल्यांचं तर बोलायला नको. मिशा फुटलेली पोरं चौदाच्या आत. आता ह्याच्यात कोचला एकट्याला शिव्या घालून चालणार नाही, त्याची पण बाजू आहे. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, ह्या चांगल्याच गोष्टी आहेत, पण त्यांचा रस्ता सर्टिफिकेटातून जातो आणि आई-बाप सर्टिफिकेटासाठी कोचच्या मागं लागतात. शाळेतला क्रीडाशिक्षक असेल तर हेडमास्तर विचारतात यंदा नंबर का नाही. अकॅडमीवाला असेल तर पुढच्या पत्रकावर छापायला पदक पाहिजे. त्याला परत आलेल्या पोरांचा आकडा कुणी विचारतच नाही, तर तो कशाला सांभाळेल?

मुलींचं वेगळं लिहितो कारण तिथं गळती सगळ्यात जास्त दिसते, सातवी-आठवीत. कोच कितीही गोड बोलणारा असू दे, ग्राउंडवर संडास नसेल, असला तरी कुलूप असेल, कपडे बदलायला आडोसा नसेल, तर मासिक पाळी आलेली मुलगी चार दिवस येत नाही, मग पुढच्या महिन्यात आठवडा येत नाही, मग येतच नाही. तिला विचारलं तर अभ्यास सांगते. गडद रंगाची ट्रॅकपँट चालेल असं पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सहज सांगून टाकलं, पिशवीत पॅड ठेवले आणि ते एका मोठ्या ताईच्या ताब्यात दिले, कुलपाची किल्ली वॉचमनकडून काढून घेतली, एवढ्यानं फरक पडतो. ह्याला कुणी कोचिंग म्हणत नाही पण माझ्या मते निम्मं कोचिंग हेच आहे. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला, फायनलला आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं, मुलांनी पण नेपाळलाच ५४-३६, आणि दोन्ही कॅप्टन आपल्या महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. त्या आठवड्यात आमच्या ग्राउंडवर नवीन पोरींची झुंबड उडाली, आया स्वतः घेऊन आल्या. वर्ल्ड कपनं पोरी ग्राउंडवर आणल्या, त्यांना टिकवणं आमच्या हातात, आणि कुलपाच्या किल्लीच्या.

पालकांना हात जोडून एकच. दोरीच्या बाहेरून 'पळ पळ पळ, अगं मागं बघ' असं ओरडू नका, तिला आधीच नऊ जणींचे आवाज येतायत. आणि मॅच संपल्यावर गाडीवर मागं बसवून घरी नेताना पंचनामा नको. भूक लागली का विचारा. व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसऱ्याच्या पोराचा व्हिडिओ टाकून 'हिच्यामुळं हरलो' लिहिणारे पण पालकच असतात, त्यांच्याबद्दल मी इथं लिहीत नाही, पेपर खराब होईल.

नॉर्वेत ह्याचे नियमच आहेत. तिथल्या क्रीडा संघटनेनं १९८७ लाच बारक्या पोरांच्या खेळासाठी नियम केले, तेरा वर्षाच्या आत राष्ट्रीय चॅम्पियनशिप नाही, आणि बारक्या गटात बक्षिसं द्यायची तर सगळ्यांना. लोकसंख्या पंचावन्न लाखांच्या आसपास, आपल्या एकट्या पुणे जिल्ह्यापेक्षा कमी, आणि २०१८ च्या विंटर ऑलिंपिकला सगळ्यात जास्त पदकं त्यांची, ३९, पुढं २०२२ ला १६ गोल्ड. बर्फ त्यांच्या दारात आहे असं म्हणाल, पण टोकियोत ४०० मीटर हर्डल्सचं गोल्ड वर्ल्ड रेकॉर्डसकट नेणारा कार्स्टन वॉरहोम पण तिथलाच, त्याला काही बर्फ लागला नाही. आपल्याला एकदम नॉर्वे व्हायचं नाहीये, आपली ग्राउंडं, आपली गर्दी, आपली पोटापाण्याची गणितं वेगळी. पण एक गोष्ट उद्यापासून जमण्यासारखी आहे.

शासनाच्या शालेय स्पर्धांचे नियम वरून येतात, ते सोडून देऊ. पण शिवजयंतीला, दिवाळीच्या सुट्टीत, यात्रेच्या टायमाला गावोगावची मंडळं ज्या निमंत्रित स्पर्धा भरवतात त्यांचे नियम मंडळच ठरवतं ना? चौदाच्या आतल्या गटाला एवढं करा: संघ बारा जणांचा, आणि बाराही जणांनी मॅचमध्ये एकदा तरी पळायला उतरलं पाहिजे, नाही उतरले तर त्या संघाला विजय मिळणार नाही. दुसऱ्या पाळीला तुकड्यांची ऑर्डर उलटी करा म्हणजे तिसरी तुकडी पहिली पळेल. पहिल्या बक्षिसाच्या रकमेतून थोडे काढून पाण्याचे जार आणि मुलींसाठी एक पडद्याची खोली. पंचांना आधीच सांगून ठेवा, कोच मैदानात पोरांना शिवी देऊन बोलला तर एक ताकीद, मग त्याला दोरीच्या बाहेर. स्कोअरशीटवर कोण उतरलं कोण नाही हे टिपायला एक जण जास्तीचा लागेल, कॉलेजचं पोर बसवा टेबलावर.

आणि तुम्हाला एक विनंती, संपादक साहेब. दर उन्हाळ्यात तुम्ही शिबिरांची यादी छापता, नाव, पत्ता, फी, वेळ. त्यात यंदापासून तीन रकाने वाढवा, एका कोचमागं पोरं किती, ग्राउंडवर उघडा संडास आहे का, आणि गेल्या वर्षीची किती पोरं परत आली. जो भरणार नाही त्याचा रकाना रिकामा छापा, वाचणारे समजतात. मी माझे भरून पाठवतोय, आकडा फार काही झळकणारा नाही, पण खरा आहे.

ज्या मंडळाला वरचा नियम करून बघायचाय त्यांनी तुमच्या ऑफिसात कळवावं, माझा फोन नंबर तुमच्याकडं आहेच. मी पंच म्हणून येईन, मानधन नको, येण्याजाण्याचं माझं मी बघेन, चहा तेवढा दोनदा पाजा.

आपला,
एक खो-खो कोच, सांगली